उपयोगाच्या रकान्यातला उतारा

फवारणीच्या दिवसांत आमच्या घरी माय बाबांना हातानं भरवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन फिरलेल्या माणसाचे हात संध्याकाळी थरथरत. भाकरीचा तुकडा बोटांत धरला तरी तोंडापर्यंत पोहोचेस्तोवर कालवण सदऱ्यावर सांडलेलं असे. बाबांना त्याची फार लाज वाटे. ते भिंतीकडं तोंड करून बसत आणि माय बाजूला बसून एकेक घास देई. आम्हा भावंडांना ताकीद होती की बाबा जेवताना तिकडं पाहायचं नाही. आम्ही पाहायचोच.

तेलंगणात, आदिलाबाद जिल्ह्याच्या भीमपूर मंडलातलं आमचं गाव. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. आमचं वावर थोडकं आणि गोट्यांचं. त्यात खायची ज्वारी व्हायची, कपाशी नावाला. म्हणून बाबा लोकांच्या कपाशीत फवारणीला जात. या कामाला मजुरी बरी मिळते, कारण कोणी जायला तयार नसतं. तेलुगूत औषधालाही मंदु म्हणतात आणि फवारणीच्या विषालाही मंदुच. आमच्यात दोन्हीला दवा. ‘दवा मारायला गेले’ आणि ‘दवाखान्यात नेलं’ ही दोन वाक्यं लहानपणी मला एकाच कामाची वाटत. एखादा माणूस वावरात भोवळ येऊन पडला, तोंडाला फेस आला, तर लोक म्हणत, त्याला दवा लागली. बाबांना तशी मोठी कधी लागली नाही. रोज थोडी थोडी लागत राहिली.

त्या दिवसांत माय हटकून अंबाडीची भाजी करी. ज्वारीच्या कण्या टाकून, वरून लसणाची फोडणी. बाबांची जीभ जड झालेली असे, दुसऱ्या कशाची चवच लागत नसे, आंबट तेवढं लागे. एवढंच कारण होतं. पण ते कारण मला पुष्कळ उशिरा कळलं.

मी सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकले. पुढं आदिलाबादला आले तेव्हा वर्गात तेलुगू, पुस्तकात इंग्रजी आणि बाजारात हिंदी होती. पहिलं वर्षभर मी वर्गात तोंड उघडलं नाही, परीक्षेत उघडलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, पदवी घेतलेली पहिली, आणि डॉक्टर म्हणवून घेणारीही पहिलीच. हे मी जिथं तिथं सांगते. इथंही सांगून ठेवते, कारण पुढं जी चूक सांगणार आहे ती करणारीही मीच आहे, आणि ती अडाण्याच्या हातून झालेली नाही.

माझी पीएचडी वनस्पतिशास्त्रातली. सीमेवरच्या गावांत शेताच्या धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, कोणती झाडंझुडपं असतात आणि लोक त्यांचं काय करतात, हा विषय. माझे गाईड तेलुगू, हैदराबादचे; मला ‘अम्मा’ म्हणत, आणि अम्माच्या गावात कॅमेरा घेऊन फिरण्यापेक्षा अम्मानंच वही घेऊन फिरावं असं त्यांचं मत होतं. मी फिरले. एक लांबडी वही केली, तिच्यात रकाने आखले: झाड, कुठं असतं, कोणता भाग, उपयोग. धुऱ्यावर उभं राहून, वही पोटाशी धरून, बोलणाऱ्याचं बोलणं संपायच्या आत लिहायचं. त्यामुळं उपयोगाच्या रकान्यात एकेकच शब्द. ताप. ढोरं. दोरी. भाजी. उतारा.

आमच्या बाजूला विंचू फार. आघाड्याची मुळी उगाळून लावणारे लोक मला बरेच भेटले. आघाड्यापुढं मी लिहिलं, उतारा. आणखी दोन-तीन झाडांपुढं तसंच. आमच्या स्वतःच्या वावरात, बाबांच्या बाजूला उभी राहून, मी लिहिलं: अंबाडी, धुरा, पुढं उतारा.

हे सगळं टाइप करायला बसले ती सात-आठ महिन्यांनी, हैदराबादच्या हॉस्टेलात. रकान्यात खाली खाली येताना जिथं जिथं ‘उतारा’ दिसला, तिथं तिथं विषावरचं औषध या अर्थाचा इंग्रजी शब्द घातला. अंबाडीपाशी आले आणि थांबलेसुद्धा. कपाशीच्या धुऱ्यावरचं झाड, त्याच्यापुढं उतारा, म्हणजे फवारणीच्या विषावरचा. दुसरं कोणतं विष आहे कपाशीत? मला मायची भाजी आठवली, बाबांचे हात आठवले. वाटलं, बघ, आपल्या माणसांना केव्हाचं माहीत होतं. तक्त्याखाली दोन ओळी मी वाढवून लिहिल्या: कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी विष उतरवण्यासाठी अंबाडी खातात. बाबांना फोन करून विचारायचं मनात आलं नाही. आपल्याच घरातली गोष्ट, तिला काय विचारायचं, असं वाटलं. खरं म्हणजे ते तसं असावं अशी माझी इच्छा होती. हे आज लिहिता येतं.

गाईडचं आणि माझं नाव लावून पेपर छापून आला. पुढं मला नोकरी लागली, आदिलाबादलाच, सरकारी डिग्री कॉलेजात, असिस्टंट प्रोफेसर.

कॉलेजात केमिस्ट्रीच्या एक मॅडम आहेत. त्यांचे पणजोबा निजामाच्या काळात इकडं महसुलात नोकरीला आले, आणि तेव्हापासून त्यांच्या घरात कोणी चिखलात पाय घातलेला नाही. हे त्यांचं स्वतःचंच वाक्य आहे. त्यांची मराठी पुस्तकातल्यासारखी, माझी अशी. पण त्यांनी मला जवळ केलं, डब्यातलं खायला दिलं, आणि एके दिवशी स्टाफरूममध्ये कॉम्प्युटरवर माझ्या नावाचं पान उघडून दाखवलं.

“अगं, तू तर आमच्या सगळ्यांच्या पुढं आहेस!”

त्या पानावर माझे सगळे पेपर एकाखाली एक होते आणि प्रत्येकापुढं आकडा होता, किती जणांनी त्याचा हवाला दिला त्याचा. बाजूला वर्षावर्षाचे उभे पट्टे, दर वर्षी उंच होत गेलेले. मॅडमनी मला ते वाचायला शिकवलं. माझा दुसरा एक पेपर धुऱ्यावरच्या गवतांवर आहे, त्याच्यावर मी तीन वर्षं घातली. त्याचा हवाला तीन जणांनी दिला होता आणि त्यातली एक मीच होते. पण त्या पहिल्या पेपराचा आकडा मोठा होता. आणि हवाला देणारे वनस्पतिशास्त्राचे नव्हतेच. विषशास्त्र होतं, औषधशास्त्र होतं, गुराढोरांचे डॉक्टर होते, खाद्यपदार्थांवर काम करणारे होते, आणि रसायनशास्त्रातले होते. त्यात खुद्द मॅडमही. अंबाडीच्या पानांतली द्रव्यं वेगळी काढण्यावर त्यांचा पेपर होता, आणि त्याची पहिलीच ओळ माझ्या त्या ओळीवर उभी होती.

“पाच-पाच विषयांत,” मॅडम म्हणाल्या, “आयुष्य जातं लोकांचं, आपल्या विषयाच्या बाहेर कोणी विचारत नाही.”

त्या शनिवारी मी मुद्दाम गावी गेले. सायटेशन म्हणजे काय ते मायला सांगायला बसले. म्हटलं, मी जे लिवलं ते दुसऱ्यायनं आपल्या लिवण्यात घेतलं.

“न इचारता?” माय म्हणाली.

“इचारत नाई माय, तशी रीतच हाय. फक्त नाव घालते.”

“माह्या वावरातलं कोनं न इचारता नेलं असतं ना, मी नावच घातलं असतं त्याच्या तोंडावर,” माय म्हणाली आणि धान्य पाखडायला लागली.

मी पुष्कळ हसले. फार बरे दिवस होते ते. कोणी भेटलं की मी त्या पाच विषयांचं सांगे. हवाला देणाऱ्यांनी नेमकं काय लिहिलंय ते वाचायला मात्र मला वर्ष लागलं. प्रमोशनच्या अर्जात त्यांची यादी जोडायची होती म्हणून एकेक पेपर उतरवून घेतला आणि वाचत गेले. सगळ्यांनी त्या दोन ओळीच उचलल्या होत्या. पहिल्यानं लिहिलं होतं, ‘शेतकरी वापरतात असं आढळतं’. त्याचा आणि माझा हवाला देऊन दुसऱ्यानं लिहिलं होतं, ‘उपयोगी असल्याचं ज्ञात आहे’. तिसऱ्यानं ‘ज्ञात’ही काढून टाकलं होतं. बहुतेकांनी माझा पेपर उघडलेलाच नव्हता, एकमेकांच्या पाटीवरून उतरवून घेतलं होतं. पाहून मला जरा कसंसं झालं. पण यादी मी जोडली.

संक्रांतीच्या सुट्टीत घरी गेले. बाबा अंगणात उन्हाला बसून अंबाडीच्या वाखाची दोरी वळत होते. फवारणी त्यांनी केव्हाच सोडली होती, मीच सोडायला लावली. हात बरेच स्थिर झाले होते. मला वाटलं, त्यांना सांगावं.

“बाबा, तुमचं सांगणं पार परदेशात पोचलं.”

“माहं? मी काय सांगतलं बाप्पा?”

“अंबाडीचं. दवा लागली का अंबाडीचा उतारा देते, ते.”

दोरी थांबली. “कोन देते?”

“तुमीच तं म्हणले होते. धुऱ्यावर. मी वहीत लिवलं.”

बाबांनी आत पाहून हाक मारली. “ऐकून राह्यली का व? तुही पोरगी म्हणते, मी अंबाडीनं दवा उतरवतो.”

माय चुलीपासून म्हणाली, “मंग मी कायले येवढे वर्सं भरवत बसलो? पाजली असती ना वाटीभर!”

ती हसली. बाबाही हसले. माझं तोंड पाहून बाबा आधी थांबले.

“अव पोरी, उतारा म्हंजे पिकाचा. धुऱ्यानं अंबाडी असली का ढोरं आत घुसत नाई, मंग कपाशीले उतारा बरा येते. येवढंच म्हणलो मी.” मग दोरीकडं बघत म्हणाले, “इषाले उतारा असता तं मीच नसता का खाल्ला?”

एकरी किती पिकलं त्याला उतारा म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं कोणी समजू नये. मी त्याच बोलीत वाढले. हंगाम संपला की गावात प्रत्येक जण प्रत्येकाला हेच विचारतो, औंदा उतारा काय आला. पण हैदराबादला बसून वही वाचताना रकान्यातला शब्द मी गावच्या कानानं ऐकला नाही. वरच्या ओळीत विंचू होता म्हणून खालीही विषच असणार, असं शिकलेल्या माणसासारखं समजले. आदिलाबादला परत येऊन वही काढली. माझंच अक्षर. अंबाडी, धुरा, उतारा. भागाचा रकाना कोरा. पान, मूळ, बी, काहीच लिहिलेलं नव्हतं. औषध असतं तर मी भाग विचारला असता. हे तेव्हाही दिसायला पाहिजे होतं.

निघताना बाबा म्हणाले होते, “मंग खोड ना ते.”

“छापलेलं खोडता येत नाई बाबा. त्यायले पत्र लिवा लागते.”

“मंग लिव.”

“लिवतो,” मी म्हटलं.

मॅडमना सांगितलं. डबा खात होतो. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“माझ्या पेपरातही ती ओळ आहे. माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“त्यावर माझा प्रोजेक्ट उभा आहे.”

“हो.”

मग अगदी मायेनं म्हणाल्या, “तुझी फाइल वर गेलीय. प्रमोशन होऊ दे, मग काय ते बघू. एक शब्द तर आहे. कोण मरतंय त्यावाचून?”

त्यांना दोष द्यायला मी हे लिहीत नाही. मला तेच ऐकायचं होतं, त्यांनी ते म्हटलं, इतकंच. त्या आकड्यामुळंच माझी फाइल वर गेली होती. माझ्याबरोबर अर्ज केलेल्यांचे बाप मास्तर होते, तहसीलमध्ये होते, एकाचा तर प्राध्यापक होता. त्यांच्यापुढं माझ्याकडं एवढीच एक चीज होती, आणि तीही मी हातानं मोडायची? पत्राचा मसुदा मी दोनदा लिहिला आणि दोनदा तसाच ठेवला. बाबा फोनवर विचारत, “तुह्या दरख्वास्तीचं काय झालं?” मी प्रमोशनचं सांगे. ते म्हणत, “ते नाई व. ते दुसरं.” मी म्हणे, करून राह्यलो. पोळा आला तोवर मी करूनच राहिले होते.

फवारणी जोरात होती. एका रविवारी दुपारी बाबांचा फोन आला. आमच्या शेजारचे काका, म्हणजे बाबांचे चुलतभाऊ, त्यांना दवा लागली. ऑटोत घालून आदिलाबादला आणत आहेत, तू दवाखान्यात ये. मी त्यांच्या आधी पोहोचले. काकांना उतरवलं तेव्हा त्यांचा सदरा घामानं चिंब होता, लाळ गळत होती आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. आत नेलं. काकी बाहेर फरशीवर बसली. तिच्या पिशवीत पाण्याची एक बाटली होती, तिच्यात खाली हिरवट गाळ.

“हे काय व काकी?”

“अंबाडी,” काकी म्हणाली. “वाटून पाजली. दोन खेपा पाजली, दोन्ही खेपा ओकून टाकली. मोबाइलात तो मानूस सांगते ना. शास्त्रज्ञायनं शोधलं म्हणे. आपल्याच इकडच्या कास्तकारायचं हाय म्हणे.”

तिनं फोन पुढं केला. पांढरा कोट घातलेला एक माणूस हिंदीत बोलत होता. तेलंगण-महाराष्ट्राच्या सीमेवरचे कापूस उत्पादक हा उपाय पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत, विज्ञानानं आता ते मान्य केलं आहे, असं म्हणत होता. माझ्या दोन ओळी. मधल्या सगळ्यांच्या हातातून जात जात, जिथून निघाल्या त्या गावात परत आलेल्या.

बाबा भिंतीला टेकून उभे होते. मोठ्यानं बोलले नाहीत. “दोन घंटे गेले त्याच्यात,” एवढंच म्हणाले.

डॉक्टरीण बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, यांना लगेच आणायला पाहिजे होतं; आता श्वासाच्या मशीनवर ठेवलं आहे, काही सांगता येत नाही.

मी काकीसमोर खाली बसले. न सांगताही चाललं असतं. तिला कळायचा काही मार्ग नव्हता. पण बाबा बघत होते.

“काकी, ते त्या मानसानं नाई शोधलं. ते मी लिवलं. चुकून लिवलं. अंबाडीनं दवा उतरत नाई.”

तिला आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं.

“तू लिवलं?” ती म्हणाली. “पन तू तं शिकेल हायेस ना व?”

शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ती तसं बोललीच नाही. तिला खरोखरच उलगडा होत नव्हता. गावात माझ्या शिकण्याचा सगळ्यात जास्त अभिमान तिला. मी पहिल्यांदा आदिलाबादला शिकायला निघाले तेव्हा पेटी उचलून बस थांब्यापर्यंत आलेली ती.

काका वाचले. आठवडाभर मशीनवर होते, मग वार्डात, मग घरी. त्यांचे पाय अजून भरून येतात, जास्त वेळ उभं राहवत नाही. वावर काकी बघते.

काका मशीनवर असतानाच, दवाखान्याच्या बाकावर बसून, मी मासिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. मग गाईडना फोन केला. ते रिटायर झाले होते. सगळं ऐकून म्हणाले, “अम्मा, माझ्या नावाखालचा सगळ्यात मोठा आकडाही तोच आहे. हे तुला माहीत आहे?”

“माहीत आहे सर.”

“तक्त्याच्या खालच्या ओळी कोणी लिहिल्या होत्या?”

“मी.”

“वाचल्या मी होत्या,” ते म्हणाले. “तुझी भाषा मला येत नाही, म्हणून विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.” मग म्हणाले, “पाठव. माझी संमती आहे.” आणि फोन ठेवला. मी पुन्हा केला तर उचलला नाही.

संपादकांचं उत्तर महिन्यानं आलं. मूळ नोंद दाखवा. वहीच्या पानाचा फोटो पाठवला. ते म्हणाले, आम्हाला ही लिपी वाचता येत नाही. शिवाय त्याच रकान्यात तोच शब्द इतर ठिकाणी तुम्ही विषावरचं औषध म्हणून घेतला आहे, मग इथंच अर्थ वेगळा कसा? तुमच्या भाषेत एका शब्दाला इतके अर्थ असतात का? मी शब्दकोश उघडून बसले. असतात. पिकाचं प्रमाण, विषावरचं औषध, जमिनीच्या कागदाची नक्कल, दृष्ट काढून तिवाट्यावर ठेवतात तो, आणि दुसऱ्याच्या पुस्तकातून आपल्या लिखाणात घेतलेला मजकूर, तोही उताराच. सगळं इंग्रजीत करून पाठवलं. त्यांनी लिहिलं, पेपराशी संबंध नसलेल्या, ही भाषा जाणणाऱ्या प्राध्यापकाची सही पाहिजे.

आदिलाबादच्या आमच्या कॉलेजात मराठी नीट जाणणाऱ्या प्राध्यापक दोघीच. मी, आणि केमिस्ट्रीच्या मॅडम. महाराष्ट्रातल्या कोणाला गाठायचं तर आणखी महिने गेले असते.

कागद घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

“यावर सही केली म्हणजे माझा पेपरही मीच पाडला.”

मी पेन पुढं ठेवलं.

“आमच्या घरात ‘उतारा’ म्हटलं की जमिनीचा,” त्या म्हणाल्या. “पणजोबांपासून. पिकाला उतारा म्हणतात हे मला खरंच माहीत नव्हतं. ही गोष्ट पण लिहू का खाली?”

“लिहा.”

त्यांनी लिहिलं नाही. सही केली, कागद माझ्याकडं सरकवला आणि म्हणाल्या, “तुला वाटतंय की तू मोठं काम करते आहेस. तो माणूस पडला नसता तर तू हे केलं नसतंस.”

“नसतं केलं,” मी म्हटलं. ते खरं होतं.

त्या दिवसानंतर आम्ही डबा एकत्र खात नाही. समोर आल्या की नमस्कार होतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात जाऊन प्रमोशनची फाइल मागितली. सायटेशनचा तक्ता चुकीचा आहे, काढून घ्यायचा आहे, म्हटलं. क्लार्कनं चष्म्यावरून पाहिलं. “मॅडम, फाइल वापस लेते क्या कोई? आगे लाने को लोग रोते.” मी दरख्वास्त लिहून दिली. तक्ता काढल्यावर जे उरलं ते पुरेसं नव्हतं. त्या साली माझ्याबरोबरचे तिघे असोसिएट झाले. मिठाई मीही खाल्ली. गोड लागली नाही.

ज्यांनी ज्यांनी त्या दोन ओळी उचलल्या होत्या, त्या सगळ्यांना मी पत्रं लिहिली, विषयवार यादी करून. विषशास्त्रातल्या एका बाईंनी दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं आणि आपला पेपर दुरुस्त करायला घेतला. खाद्यपदार्थवाल्यांपैकी एकानं लिहिलं की आमच्या निष्कर्षावर याचा परिणाम होत नाही. बाकी बरेच गप्प. पांढऱ्या कोटातल्या माणसालाही लिहिलं; तो व्हिडिओ अजून आहे. आणि त्या पेपरापुढचा आकडा वाढतोच आहे. नव्यानं कोणी तरी कुठं तरी ती ओळ घेतं आणि माझ्या पानावरचा पट्टा थोडा उंच होतो. पूर्वी तो पाहून मला आनंद व्हायचा. आता मी त्याला पत्र लिहायला बसते.

गावात मात्र पत्रानं काम होणार नव्हतं. मराठीत आणि तेलुगूत एक पान छापून घेतलं. शाळेच्या, दुकानांच्या भिंतींना लावलं. ते लावताना काकी माझ्याबरोबर फिरली. मी बोलावलं नव्हतं. कोणी विचारलं की माझ्या आधी तीच सांगे, “काय बी पाजू नोका. सीधं दवाखान्यात न्या. माह्या घरी झालं हे.” कोणाच्या चुकीनं झालं ते तिनं एकाही दारात सांगितलं नाही. दोन दारांत मी सांगितलं.

दुरुस्ती छापून आली. अर्धं पान आहे. त्यात लिहिलं आहे की अंबाडीचा तो उपयोग शेतकऱ्यांनी कधी सांगितला नव्हता, चूक नोंद घेणारीची आहे. मूळ पेपर कोणी उघडला तर पहिल्या पानावरच ती दिसते. यंदाच्या फवारणीत आमच्या गावात दोघांना दवा लागली. दोघांनाही घरी काही न पाजता तासाभरात आदिलाबादला नेलं, आणि दोघेही चालत घरी आले. मी असिस्टंट प्रोफेसर आहे.